बंद खोलीचं मागचं दार

४ मार्च

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण मग तू म्हणाली असतीस, हिला नक्की काहीतरी हवंय. हवंच आहे, पण आधी खुशाली. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो आणि त्याच्याबरोबर तीही. तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त टेबलावर माझ्या कपड्यांचा ढीग असतो. दोन वर्षांत तू माझा एक फोन उचलला नाहीस की एका मेलला उत्तर दिलं नाहीस, म्हणून हा कागद. कागद तू न वाचता टाकणार नाहीस. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई तू.

तर झालंय असं की ऑफिसात एक नवीन मुलगी आलीय. हुशार आहे, पण उतावळी. हॉस्पिटलच्या वॉर्डातले बारा सलाईनचे पंप चालवणारा तुझा प्रोग्रॅम मी तिला समजावत होते. तू मला सांगितलंस तसंच सांगितलं. तो ज्या भाषेत लिहिलाय, तिच्यात एकदा लिहिलेलं पान बदलत नाही. चार नंबरच्या खाटेच्या सलाईनचा वेग बदलायचा असेल, तर जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही, नवं पान लिहायचं. जुनं त्याच्याखाली तसंच राहतं. मात्र दरवेळी नवं पान लिहिण्यात वेळ जातो, म्हणून जिथं फारच घाई असते तिथं तू एक बंद खोली केलीस. त्या खोलीत पाटी आहे. पाटीवर हवं तेवढं लिहा, पुसा, पुन्हा लिहा. बाहेर पडताना मात्र पाटीवरचं सगळं कागदावर उतरवायचं आणि फक्त कागद बाहेर आणायचा. पाटी काखोटीला मारून निघालं तर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर दारातच हात धरतो. हे ऐकून ती म्हणाली, "किती छान!" तू ते लिहिलंस तेव्हा मीही दोन दिवस तुझ्यामागे लागले होते, परत दाखव, परत दाखव म्हणून.

आता तिची शंका. त्या खोलीला मागून एक दार आहे, ज्याच्या नावातच 'असुरक्षित' असं लिहिलेलं असतं. तिथं कंपायलरला शब्द द्यायचा, की या पाटीवर मी पुन्हा काही लिहिणार नाही. मग तो पाटीच कागद म्हणून बाहेर सोडतो आणि उतरवून काढायचा वेळ वाचतो. समजा, कुणी असा शब्द दिला आणि नंतर तीच पाटी पुढच्या खाटेसाठी वापरली. तर गोंधळ किती वेळा होईल? रोज? वर्षातून एकदा? कधीच होणार नाही, असंही असू शकतं ना?

सहज विचारतेय. काल वॉर्डात जरा गंमत झाली. सात नंबरच्या पंपानं दोन-तीन मिनिटं चार नंबरचा वेग घेतला. मोठ्या सिस्टर तिथंच होत्या, त्यांनी लगेच हातानं नीट केला. पंप जुना झालाय, असं मी सांगितलं.

लवकर लिही. खरंच लवकर लिही.

तुझी भिंगरी


९ मार्च

ताई,

उत्तर नाही. मी रोज खाली जाऊन टपालाचा डबा उघडते. आई विचारते, कसली वाट बघतेस, तर बँकेचं कार्ड यायचंय म्हणून सांगते.

आता खरं लिहिते. नवीन मुलगी वगैरे कुणी नाही. ऑफिसात उतावळी एकच आहे, आणि तू पहिल्या चार ओळींतच तिला ओळखलं असशील.

गेल्या ऑक्टोबरात दुसऱ्या एका हॉस्पिटलची माणसं प्रोग्रॅम बघायला यायची होती. बाराही पंपांनी एकदम माहिती पाठवली की पडदा तीन सेकंद थिजायचा. झटपटसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. (तू ठेवलेलं नाव अजून चालू आहे. आता तर चहावालाही त्यांना तेच म्हणतो.) म्हणाले, "तुझी बहीण नाही म्हणाली असती. तू काय म्हणतेस?"

एवढं पुरलं मला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या मीटिंगमध्येही हेच झालं होतं. तू म्हणालीस, याहून वेगात पळवायचं तर माणसांच्या जिवाशी खेळ होईल. आणि मी, तुझी पाठची बहीण, सगळ्यांसमोर म्हणाले, "होईल की." तू बॅग उचलून निघून गेलीस आणि तिसऱ्या दिवशी मी तुझ्या खुर्चीत बसले. खुर्ची माझ्या उंचीला खाली करून घेतली, तेवढंच.

तर ऑक्टोबरात मी ते मागचं दार उघडलं. उतरवून काढणं बंद केलं आणि एकच पाटी बाराही खाटांना फिरवायला लागले. पडदा थिजायचा थांबला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. का झाल्या, ते मला आता कळतंय. माझ्या सगळ्या चाचण्यांमध्ये खाट एकच होती. एकट्या खाटेची अदलाबदल होणार कुणाशी? पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी सगळ्यांना केक दिला. मला तुझी आठवण आली होती, पण ती बरोबर असल्याच्या तोऱ्यात आली होती, हेही लिहून टाकते.

दोन डॉक्टरांनी दोन खाटांचे वेग एकाच क्षणी बदलले, तरच हे होतं. पाच महिन्यांत एकदा झालं, ते त्या तीन तारखेला. चूक काढून टाकायची तर नवी आवृत्ती द्यावी लागते. नव्या आवृत्तीला साहेबांची आणि हॉस्पिटलची सही लागते, आणि सहीच्या वर कारण लिहावं लागतं. ती कारणाची रिकामी ओळ मी कितीदा उघडून बघितली आणि बंद केली. सेटिंग बदलायला मात्र सही लागत नाही. म्हणून परवा मी दोन हुकमांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर ठेवलं. त्यानंतर काही झालेलं नाही. बहुतेक एवढं पुरेल. पुरेल ना?

मोठ्या सिस्टरांची मला भीती वाटायला लागलीय. कालपासून त्या प्रत्येक खाटेपाशी घड्याळ हातात धरून उभ्या राहतात आणि नळीतले थेंब मोजतात. बारीक नळी असल्यानं ताशी जितके मिली, तितके मिनिटाला थेंब पडतात. एक मिनिट मोजायचं, वहीत लिहायचं, पुढच्या खाटेकडे जायचं. मी आत गेले की मोजणं न थांबवता माझ्याकडे बघतात.

वॉर्डाचा फोन आला की माझ्या हातातलं खाली पडतं. आज चमचा पडला, काल कप फुटला. आई म्हणाली, "तुझ्या हातात जीव नाही का गं?"

काहीतरी लिही. रागानं लिही, शिव्या दे, पण लिही.


१५ मार्च

ताई,

अर्धा सेकंद पुरला नाही.

काल मोठ्या सिस्टरांची सुट्टी होती. नऊ नंबरच्या खाटेवर आठ वर्षांची मुलगी होती, पोटाचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस. दुखणं थांबवणारं औषध ताशी तीन मिलीनं चालू होतं. दोन नंबरवर एक आजोबा आहेत, त्यांना नुसतं मिठाचं पाणी, ताशी बावीस. सकाळी राऊंडच्या वेळी दोन्हीकडचे हुकूम पाठोपाठ आले, मधल्या काळात नेटवर्क अडकलं होतं, आणि माझं अंतर गेलं वाऱ्यावर. नऊ नंबरच्या पानावर बावीस उमटले.

पडद्यावरही बावीसच दिसत होते. अर्थात दिसणारच, पडदा तीच पाटी वाचतो. ड्यूटीवरच्या सिस्टरना वाटलं, डॉक्टरांनीच वाढवलं असेल. चाळीस मिनिटं ते औषध तिच्या अंगात जात होतं. तिच्या आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, ही आज फारच शांत झोपलीय, आणि ओठ बघा कसे दिसतायत." तेव्हा तिचा श्वास मिनिटाला पाचवर आला होता.

तिला वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. श्वासासाठी घशात नळी घातलीय. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

मला अकरा वाजता बोलावून घेतलं. वॉर्डाच्या बाहेर बाकावर तिची आई बसली होती. मांडीवर मुलीची चप्पल होती. माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून ती उठली आणि म्हणाली, "तुम्ही मशीनवाल्या ना? जरा नीट बघा हो, मशीनच बिघडलंय का. हे लोक म्हणतात डॉक्टरांचा आकडा चुकला असेल, पण ते डॉक्टर चांगले आहेत हो." मी म्हणाले, बघते. ताई, मी एवढंच म्हणाले, बघते.

आत जाऊन पंप तपासल्यासारखं केलं. नळी हलवली, बटणं दाबली. काय बघायचं होतं मला? काय झालंय ते मी तिथं पोचायच्या आधीपासून जाणत होते.

आल्यापासून ताट तसंच पडून आहे. आईनं कपाळाला हात लावून बघितला, म्हणाली ताप तर नाही. मला भीती वाटते गं. ती मुलगी मरेल याची वाटते. आणि खरं सांगू, ती मेली तर मला काय होईल, याचीही तितकीच वाटते. त्यातली कुठली जास्त, हे मी स्वतःला विचारत नाही.


१७ मार्च

ताई,

मुलगी अजून वरच आहे. नळी काढलेली नाही.

हॉस्पिटलनं चौकशी समिती नेमलीय. पंप कंपनीचे, प्रोग्रॅम कंपनीचा, तेव्हा त्यात चूक असली तर कुणाची, ते कंपनीनं लेखी कळवायचं आहे. काल दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि बदलांची नोंद पडद्यावर उघडली. तुला ठाऊक आहे, त्या नोंदीत प्रत्येक ओळ कुणी कधी बदलली ते असतं. मागच्या दाराच्या ओळीपुढे तुझं नाव आहे.

हे मी तुला सांगितलं नव्हतं. वॉर्डातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मला माझं खातं कधी कुणी काढून दिलंच नाही. मी तुझ्याच नावानं आत जायचे. तुझा पासवर्ड मला माहीत होता, आपल्या गल्लीतल्या कुत्रीचं नाव आणि आईचं जन्मसाल. त्यात वाईट हेतू नव्हता, आळस होता. पण नाव तुझं आहे.

साहेब म्हणाले, "बरं झालं. ती तर गेलीच आहे."

मी म्हणाले, "पण तारीख ऑक्टोबरची आहे. ताई त्याच्या दीड वर्ष आधी गेली."

"मग तारीखच तर बदलायचीय. नोंद सांभाळतेस तू. किती वेळ लागेल?"

मी काय म्हणायला हवं होतं ते तुला माहीत आहे आणि मलाही. मी म्हणाले, "बघते." हल्ली माझ्या तोंडात एवढा एकच शब्द उरलाय.

जागेवर येऊन मी नोंदीची प्रत काढली आणि त्या प्रतीत तारीख बदलली. जमतं का, एवढंच बघायचं होतं, असं स्वतःला सांगत होते. चार मिनिटं लागली. एक ओळ बदलली की तिच्यानंतरच्या सगळ्या ओळींची मोहर पुन्हा उठवावी लागते, तेही मशीननं आपणहून केलं. चार मिनिटांत ती ओळ दीड वर्ष मागे गेली, जाण्याआधी मागचं दार तूच उघडलं होतंस आणि नऊ नंबरच्या मुलीला तू औषध जास्त दिलं होतंस. सगळं नीटनेटकं दिसत होतं. शंका घ्यायला कुठंही जागा नव्हती.

मी ते पाठवलेलं नाही. पण पुसूनही टाकलेलं नाही. काल दुपारी तीनपासून ते माझ्या मशीनवर पडून आहे, आणि साहेबांनी आज दोनदा माझ्या खुर्चीमागून फेरी मारली. त्यांच्या बुटांचा आवाज मला आता लिफ्टपासून ऐकू येतो. समितीला कागद उद्या बारा वाजेपर्यंत द्यायचा आहे. तो बदललेला दिला, तर पहिली नोटीस तुझ्या पत्त्यावर येणार.

हे पत्र तुला उद्याच्या आत मिळणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितेय. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, भिंगरे, गरगर थांबव आणि आधी ते बारा पंप बंद कर. पंप अजून चालू आहेत, ताई. कारण चूक नेमकी कशात आहे हे मी आणि साहेब सोडून इथं कुणालाच माहीत नाही.


१९ मार्च

ताई,

पंप बंद आहेत.

काल सकाळी मी ऑफिसला न जाता सरळ वॉर्डात गेले. मोठ्या सिस्टर पाच नंबरपाशी थेंब मोजत होत्या. मी म्हणाले, "सिस्टर, पंपांत काही बिघाड नाही. प्रोग्रॅममध्ये चूक आहे आणि ती मी केलीय. सगळे पंप आत्ता काढा." शेवटचं वाक्य मला पुन्हा सांगावं लागलं.

त्यांनी आधी मिनिट पुरं मोजलं. आकडा वहीत लिहिला. मग हाक मारून दोघींना बोलावलं आणि एकापाठोपाठ एक बाराही पंप काढायला लावले, थेंबांचा वेग हातानं फिरवून ठरवायच्या साध्या चकत्या लावल्या. सगळं झाल्यावर मला नर्सेसच्या खोलीत नेऊन बसवलं आणि विचारलं, "केव्हापासून माहीत होतं तुला?"

"तीन तारखेपासून."

"पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मला रडता आलं असतं. मग त्यांनी सांगितलं, की सात तारखेला तुझा फोन आला होता. तू त्यांना म्हणालीस, पडद्यावर विश्वास ठेवू नका, थेंब मोजा, आणि वर कळवून पंप बंद करायला लावा. त्यांनी त्याच दिवशी वर कळवलं. वरून आपल्या कंपनीला विचारणा झाली आणि साहेबांनी लिहून दिलं, की त्या बाई रागावून नोकरी सोडून गेल्यात, त्यांचं मनावर घेऊ नका. म्हणून मोठ्या सिस्टर एकट्या, हातात घड्याळ धरून. सुट्टीच्या दिवशी कुणी मोजेल, असं त्यांना वाटलं होतं. नवीन सिस्टरनी मोजलं नाही. त्यावरून त्या दोन रात्री झोपलेल्या नाहीत, आणि त्यांची यात काडीचीही चूक नाही.

म्हणजे माझं पत्र मिळालं त्याच दिवशी तू जे करायला हवं ते केलंस. मला उत्तर दिलं नाहीस, कारण उत्तराची गरज मला नव्हतीच, वॉर्डाला होती. मी इकडे डबा उघडून बघत बसले होते.

समितीला मी खरी नोंद दिली, सोबत लिहून दिलं की नाव ताईचं असलं तरी हात माझे आहेत. बदललेली प्रतही दिली, साहेब काय म्हणाले तेही लिहिलं. साहेबांनी संध्याकाळी फोन करून मला एकच वाक्य ऐकवलं, ते मी कागदावर उतरवत नाही. पोलिसांकडे जाणार का, ते समिती ठरवेल. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेव." मी दोन घास खाल्ले.

मुलीची नळी आज सकाळी काढली. ती श्वास घेते, आईला ओळखते. पण उजव्या हातात चमचा धरता येत नाही तिला, सारखा सुटतो. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, बघू. तिच्या आईला मी सांगायला गेले होते. मी काय सांगितलं ते तिनं पूर्ण ऐकलं आणि मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसली. मी तिथंच उभी राहिले, मग एका सिस्टरनं मला हाताला धरून बाहेर आणलं.

आता कामाचं. हातानं थेंब मोजून वॉर्ड चार दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, सिस्टरांचे डोळे लाल झालेत. समितीनं ठरवलंय, सोमवारी सकाळी दहा वाजता दुरुस्त प्रोग्रॅम लावून पंप पुन्हा चालू करायचे. दुरुस्ती मीच केलीय, कारण ही भाषा येणारं दुसरं कुणी इथं नाही. खोलीच्या दारात तुझं उतरवून काढणं परत आणलं. सगळ्या चाचण्या बारा खाटांवर, एकाच क्षणी हुकूम देऊन चालवल्या, दोन हजार वेळा. सगळ्या पास झाल्या. मागच्या वेळीही झाल्या होत्या.

मला भीती एका गोष्टीची आहे. ऑक्टोबरात मी त्या दाराला एक साधंसं नाव देऊन ठेवलं होतं, 'असुरक्षित' हा शब्द कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. त्या साध्या नावानं मी कुठं कुठं शिरले होते ते मला नीट आठवत नाही. तीन जागा सापडल्या. चौथी होती असं कधी वाटतं, कधी वाटतं नव्हती. कालपासून मी तेच ते कागद वाचतेय आणि आता अक्षरं नुसती सरकतात. माझे डोळे मला जे हवं तेच दाखवतील, हे मला या महिन्यात पुरतं कळलंय.

सगळा प्रोग्रॅम छापून सोबत ठेवलाय, एकशेचाळीस पानं. आज दुपारच्या कुरिअरनं टाकतेय, उद्या तुला मिळेल. मोठ्या सिस्टरांचा नंबर पहिल्या पानावर आहे. मला फोन करायची गरज नाही, सरळ त्यांना कर. त्यांनी समितीला सांगून ठेवलंय, की तुझा फोन आल्याशिवाय एकही पंप लावू देणार नाही. पण वरचे लोक ऐकतील याची खात्री त्यांना नाही, आणि मला तर मुळीच नाही.

मला माफ कर, असं मी लिहीत नाही. ते तुझं तू ठरव, दहा वर्षांनी ठरव, नाहीतर ठरवूही नकोस. पण ही पानं वाच, ताई. औषधाच्या चिठ्ठीसारखी शेवटपर्यंत वाच. सोमवारी दहाला ते बटण दाबतील, आणि नऊ नंबरच्या खाटेवर आज सकाळी दुसरं मूल आलंय.